तक्रारीचे ‘निवारण’ झाले, नेट मात्र रखडलेलेच!

प्रतिनिधी

डोंबिवली पूर्वेत प्रस्तुत प्रतिनिधी राहतो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. अवघी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते. उभी हयात विनाअनुदानित शाळेत गेल्याने निवृत्तिवेतन नाही. रोज सायंकाळी सात ते नऊ या वेळेत संगणकासमोर बसून दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे आणि त्या शुल्कावर घर चालवायचे, हा त्यांचा गेल्या काही वर्षांचा क्रम. मुले अकरा, कुणी बदलापूरचे, कुणी थेट कराडचे. २०२५ च्या जूनमध्ये बाईंनी १०० एमबीपीएस वेगाची ब्रॉडबँड योजना घेतली आणि सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांचे ४,९४९ रुपये करासह एकरकमी भरून टाकले.

जुलैच्या मध्यापासून सातच्या ठोक्याला पडदा गोठू लागला. समीकरण अर्धवट, आवाज तुटक, आणि पलीकडून मुलांचे ‘बाई, ऐकू येत नाही’. १४ जुलैला त्यांनी पहिली तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता स्थानिक केबलचालकाचा मुलगा आला. त्याने वेग मोजला, तो ९२ भरला. ‘बाई, लाइन एकदम ओके आहे. राउटर बंद करून चालू करा,’ असे सांगून तो गेला आणि तासाभरात भ्रमणध्वनीवर संदेश आला : आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. सायंकाळी सातला पुन्हा तेच. ८ ऑगस्टपर्यंतच्या २६ दिवसांत नऊ तक्रारी, नऊ क्रमांक आणि नऊ ‘निवारणे’ झाली. तोवर तीन मुले दुसऱ्या शिकवणीला गेली होती. दरमहा ९०० रुपये शुल्क धरले, तर महिन्याचे २,७०० रुपये बुडाले.

हा अनुभव एकट्या बाईंचा नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांचा कंपनीशी होणारा वाद ग्राहक सेवा केंद्राच्या दूरध्वनीवर सुरू होतो आणि तेथेच आवाज चढवून संपतो. वस्तुत: ब्रॉडबँडच्या तक्रारीसाठी कायद्याने बऱ्यापैकी भक्कम जिना बांधून ठेवला आहे. ग्राहक अडकतो तो पहिल्याच पायरीवर, ‘निवारण झाले’ या संदेशाशी. हा संदेश निमूटपणे स्वीकारला की पुढच्या साऱ्या पायऱ्या निसरड्या होतात. ते कसे, हे पाहण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे गरजेचे आहे, कारण निम्मे वाद तेथेच फसतात.

आधी दोष कुणाचा, ते ठरवा

प्रथम एककाचा घोळ. योजनेवर लिहिलेले ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. संगणकावर एखादी फाइल उतरवून घेताना दिसतो तो आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर साडेबाराच्या आसपास मेगाबाइट दिसले तर सेवा अगदी व्यवस्थित सुरू आहे. ‘शंभरचे पैसे घेऊन बाराच देतात’ अशी तक्रार घेऊन तावातावाने भांडणारे ग्राहक आजही भेटतात. ग्राहक सेवा केंद्रातील कर्मचाऱ्याला अशी तक्रार म्हणजे पर्वणीच.

दुसरे म्हणजे वाय-फायचे मोजमाप वादात ग्राह्य धरले जात नाही, आणि त्यात कंपनीचे फारसे चुकत नाही. दाट वस्तीच्या इमारतीत प्रत्येक घरी एक राउटर असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ आणि ११), आणि शेजारपाजारचे वीस-पंचवीस राउटर त्याच तिघींवर गर्दी करतात. मध्ये दोन भिंती आल्या की वेग आणखी घसरतो. तेव्हा संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून, घरातील अन्य उपकरणे बंद ठेवून वेग मोजावा. केबल सदोष असेल किंवा राउटर जुना असेल, तर वेग ९४-९५ च्या वर जातच नाही. तीनशेची योजना घेतलेल्या अनेकांच्या बाबतीत खरा चोर हाच असतो. मात्र राउटर कंपनीनेच दिलेला असेल तर तो बदलून देण्याची जबाबदारीही तिच्याकडेच जाते.

केबलने मोजूनही वेग कमीच भरत असेल, तर घड्याळाकडे पाहावे. दिवसभर, अगदी पहाटेही वेग कमी असेल किंवा जोडणी वारंवार तुटत असेल, तर दोष बहुधा तारेत आहे : जिन्यातल्या पेटीत वाकलेले फायबर, उंदराने कुरतडलेली केबल, पावसाचे पाणी शिरलेला सांधा. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवरील ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही, असे समजावे. येणाऱ्या तंत्रज्ञाकडे हा संकेत मोजण्याचे छोटे यंत्र असते. उणे २७-२८ डीबीएमच्या पलीकडे आकडा गेला की जोडणी डळमळू लागते. हा आकडा त्याला विचारावा आणि लिहून ठेवावा. विचारणाऱ्या ग्राहकाशी तंत्रज्ञ जरा जपून बोलतो, हा स्वानुभव.

दुपारी वेग उत्तम आणि सायंकाळी सात ते अकरा या वेळेतच तो पाताळात जात असेल, तर मामला वेगळा आहे. घराघरांत येणारे फायबर प्रत्येकाला स्वतंत्र वाटत असले तरी वाटेतल्या पेटीत त्याच्या फांद्या फुटतात. सर्वत्र प्रचलित असलेल्या तंत्रात सुमारे अडीच गिगाबिटचा एक मूळ प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्याच्याही मागे, स्थानिक केबलचालकाने कंपनीकडून घेतलेल्या मूळ जोडणीची क्षमता असते. दुपारी निम्मी घरे रिकामी, सायंकाळी प्रत्येक घरात दोन मालिका आणि एक सामना. क्षमता न वाढवता ग्राहक वाढवत नेले की पाण्याच्या टाकीचे जे होते तेच येथे होते : शेवटच्या मजल्यावर नळ कोरडा. बाईंच्या घरी दोष होता तो हाच. साहजिकच दुपारी दोनला आलेल्या मुलाला तो दिसणे शक्यच नव्हते.

एक अपवाद लक्षात घ्यायला हवा. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले होते. अशा वेळी फक्त परदेशी संकेतस्थळे रांगतात, देशातील संकेतस्थळे मात्र धावतात. त्याचे खापर डोंबिवलीच्या केबलचालकावर फोडता येत नाही. म्हणून वेग मोजताना चाचणीचे केंद्र मुंबई-पुण्याचेच निवडावे. ट्रायचे ‘मायस्पीड’ हे अॅप २०१६ पासून उपलब्ध आहे. त्याचा उपयोग केल्यास मोजमापाच्या साधनावरून वाद उरत नाही.

नियम काय सांगतात?

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किती वेग, हे सरकारने २००४ च्या धोरणात प्रथम ठरवले : किमान २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. कधीकधी कंपन्यांचे कर्मचारी ‘नियमाप्रमाणे दोन मिळाले तरी पुरे’ असे ठोकून देतात. ते साफ चूक आहे. दोन हा सेवेला ब्रॉडबँड म्हणता यावे यासाठीचा उंबरठा आहे. पैसे शंभरचे घेतले असतील तर हिशेब शंभराचाच.

सेवेच्या दर्जाबाबत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजेच ट्रायने २००६ मध्ये पहिले स्वतंत्र नियम केले. कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत योजनेतील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, बिघाड तीन कामकाजी दिवसांपलीकडे रेंगाळला तर मासिक आकारात सूट द्यावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. त्यांची जागा आता २ ऑगस्ट २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने घेतली आहे. तिच्यातही तारेवरील सेवेचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भरपाईची तरतूद आहे आणि ती आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही लागू आहे. एखाद्या जिल्ह्यातील सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाल्यास द्यावयाच्या सवलतीचाही तिच्यात समावेश आहे.

वापरमर्यादेविषयी मात्र वेगळे आदेश आहेत. महिन्याचा ठरावीक डेटा संपल्यावर वेग उतरतो, हे अनेकांना वेग गेल्यावरच कळते. ही मर्यादा किती, तोवर वेग किती आणि त्यानंतर किती, हे कंपनीने आधीच सांगितले पाहिजे आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचल्यावर ग्राहकाला कळवले पाहिजे, असे ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये बजावले. महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या दिवशी वेग एकाएकी कोसळत असेल, तर भांडण्यापूर्वी वापराचा तपशील पाहून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. तीन दिवसांची ही मुदत तक्रार नोंदल्यापासून मोजली जाते. तक्रार दुसऱ्या दिवशी ‘निवारण’ म्हणून बंद झाली आणि ग्राहकाने नवी नोंदवली, की घड्याळ पुन्हा शून्यावर. बाईंच्या नऊ तक्रारींपैकी एकही कंपनीच्या नोंदीत दोन दिवसांहून जुनी नव्हती. कागदोपत्री हा कंपनीच्या तत्परतेचा उत्तम नमुनाच ठरला असता! हे जाणूनबुजून केले जाते की तंत्रज्ञाला रोज अमुक इतक्या तक्रारी बंद करण्याचे बंधन असल्याने घडते, यावर वाद घालता येईल. ग्राहकाला फरक पडत नाही.

उपाय साधा आहे, पण तो त्याच दिवशी करावा लागतो. ‘निवारण झाले’ असा संदेश आला आणि दोष कायम असेल, तर नवी तक्रार नोंदवू नये. कंपनीच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावर दोन ओळी पाठवाव्यात : ‘तक्रार क्रमांक अमुक आपण आज बंद केल्याचे कळवले आहे. दोष कायम आहे. आज सायंकाळी ७.१० वाजता केबलने मोजलेला वेग ८.४ एमबीपीएस होता. सदर बंदी मला मान्य नाही. हीच तक्रार पुन्हा खुली करावी आणि पाहणी सायंकाळी सात ते नऊ या वेळेतच करावी.’ सोबत चाचणीचे छायाचित्र जोडावे. यात ‘हीच’ आणि ‘या वेळेतच’ हे दोन शब्द महत्त्वाचे. पहिल्याने मुदत अखंड राहते, दुसऱ्याने दुपारच्या पाहणीचा फार्स थांबतो.

बाईंना हे कळले तेव्हा सात तक्रारी होऊन गेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी शाळेच्या सवयीने एक दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, खाली येणारा वेग, वर जाणारा वेग, कोण आले, काय बोलले. एका पानावर ६ ऑगस्टची नोंद आहे : ७.१० ला ८.४, ७.४० ला ६.१, ९.५० ला ४०, ११.१५ ला ९१. चार आकड्यांत सारा खटला उभा राहतो. ‘नेट फारच स्लो आहे’ या वाक्याने तो कधीच उभा राहिला नसता.

अपील : सहसा कुणी न चढणारी पायरी

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक दूरसंचार कंपनीने दोन पातळ्या ठेवणे बंधनकारक आहे. पहिली तक्रार केंद्राची; तेथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिलाच पाहिजे. दुसरी अपील प्राधिकरणाची. निवारणाने समाधान झाले नाही, किंवा मुदतीत काहीच कळवले गेले नाही, तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठी शुल्क नाही. निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलावर मत देणाऱ्या सल्लागार समितीत दोन सदस्य असतात आणि त्यांतील एक ट्रायकडे नोंदणीकृत असलेल्या ग्राहक संघटनेचा असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर हे सारे असते, पण बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत.

हे प्राधिकरण कंपनीचेच, मग तेथे न्याय कसा मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. तरीही ही पायरी वगळू नये, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. कारण दूरध्वनीवरील कर्मचारी जी भाषा बोलतो ती कुणावरच बंधनकारक नसते. अपिलाचे उत्तर मात्र कंपनीचे लेखी म्हणणे असते. त्यात दोष मान्य केला तर ग्राहकाचे काम झाले, आणि नाकारला तर तो कशाच्या आधारे नाकारला हे कायमचे नोंदले जाते. पुढे ग्राहक आयोगात हाच कागद कामी येतो.

अपिलात रागाला जागा नाही. ग्राहक क्रमांक, योजना, भरलेली रक्कम व पावती, तक्रार क्रमांकांची तारीखवार यादी, मोजमापांचा तक्ता आणि शेवटी नेमकी मागणी, एवढे पुरे. मागणी न लिहिणे ही सर्वाधिक आढळणारी चूक. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहिले की कंपनी ‘योग्य ती कारवाई’ केल्याचे कळवते आणि प्रकरण मिटते. दोष अमुक तारखेपर्यंत दूर करावा, अमुक दिवसांचे पैसे परत करावेत, तसे न झाल्यास उरलेल्या महिन्यांची आगाऊ रक्कम देऊन जोडणी बंद करावी, असे मोजून मागावे.

याच सुमारास कुणीतरी सल्ला देतो, ‘बिल भरूच नका, येतील झक मारत.’ हा सल्ला ऐकू नये. बिल थकले की सेवा खंडित होते, विलंब आकार चढतो, वसुलीचे दूरध्वनी सुरू होतात आणि वाद ‘सदोष सेवेचा’ न राहता ‘थकबाकीचा’ होतो. रक्कम भरावी आणि ती आक्षेपासह भरली असल्याचे ई-मेलने कळवावे. आगाऊ भरणा केलेल्यांना हा मार्गही उरत नाही. सवलतीच्या मोहात वर्षाचे पैसे आधी भरण्याने ग्राहकाच्या हातातील एकमेव दोरी सुटते, हे लक्षात ठेवलेले बरे. नव्या कंपनीची जोडणी पहिले दोन-तीन महिने तरी महिन्याच्या हिशेबानेच घ्यावी.

अपील चालू असताना आणखी दोन दारे ठोठावता येतात. ग्राहक व्यवहार मंत्रालयाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे केंद्राच्या ‘सीपीग्राम्स’ या संकेतस्थळावरून तक्रार करता येते. दोन्ही ठिकाणी निवाडा होत नाही. तक्रार कंपनीच्या वरिष्ठांकडे जाते आणि तिचा पाठपुरावा होतो. पण जो अधिकारी तीन आठवडे सापडत नव्हता त्याचा दूरध्वनी अचानक येतो, ही किमया अनेकदा घडते. ट्रायला पत्र लिहिण्यात मात्र वेळ दवडू नये. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय करीत नाही. दिल्लीतील दूरसंचार विवाद लवाद ‘टीडीसॅट’ देखील ग्राहकांच्या समूहाचा वाद ऐकतो, एकट्यादुकट्याचा नव्हे.

बारा वर्षांहून अधिक काळ बंद असलेले दार

यानंतरची पायरी ग्राहक आयोगाची. या दाराची कहाणी थोडी सांगण्याजोगी आहे. भारतीय तार कायदा १८८५ चा. त्यातील कलम ७-ब नुसार तारेसंबंधीचे वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावेत, अशी तरतूद होती. १ सप्टेंबर २००९ रोजी दूरध्वनी बिलाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर बोट ठेवून ग्राहक मंचाला असा वाद ऐकता येणार नाही, असा निकाल दिला. झाले! तेव्हापासून ग्राहक मंचात पाऊल ठेवताच कंपन्यांचे वकील हाच निकाल पुढे करू लागले. चारशे-पाचशे रुपयांच्या वादासाठी लवाद नेमून घ्यायला कोण जाणार? हक्क कागदावर राहिला.

हे दार पुन्हा उघडले ते अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या चिकाटीने. त्याचे महिन्याचे सरासरी बिल ५५५ रुपये असताना नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ या एका महिन्यासाठी त्याला २४,६०९ रुपये ५१ पैशांचे बिल आले. त्याने २२ हजार रुपयांच्या भरपाईसाठी जिल्हा मंचात धाव घेतली. हा मंच सक्षमच नाही, हा एकच मुद्दा घेऊन कंपनी जिल्ह्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने व्होडाफोन आयडियाचे हे अपील फेटाळले. तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाचा अधिकार संपुष्टात येत नाही. कोणता मार्ग निवडायचा हे ग्राहकाने ठरवायचे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या संज्ञेत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. आजही एखादा वकील २००९ चा निकाल फडकावतो, तेव्हा २०२२ चा निकाल सोबत ठेवलेला बरा.

ब्रॉडबँडच्या ग्राहकाला या कायद्याचा आणखी एक मोठा आधार आहे. ट्रायच्या नियमांतील भरपाई ‘बिघाडा’शी जोडलेली असल्याने ‘वेग कमी असणे म्हणजे बिघाड नव्हे, सेवा चालूच होती’ असा युक्तिवाद कंपन्या करतात. ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेच्या त्रुटीची व्याख्या याहून पुष्कळ रुंद आहे. सेवेचा दर्जा, स्वरूप किंवा ती देण्याची पद्धत यांतील कोणताही दोष, उणेपणा अथवा अपुरेपणा तिच्यात बसतो. सायंकाळी शंभराऐवजी सहा मिळणे हा अपुरेपणा नाही, असे म्हणणे कुणालाही जड जाईल. जाहिरातीतील ‘पर्यंत’ हा शब्द कंपनी ढालीसारखा वापरील, हे खरे. पण शंभरपर्यंत म्हणजे रोज सायंकाळी सहा, असा अर्थ कुणी सुज्ञ माणूस काढणार नाही, हे वहीतील आकड्यांनी दाखवता येते.

‘घरगुती जोडणीवर धंदा करता, मग तुम्ही ग्राहक कसल्या?’ असेही बाईंना ऐकवण्यात आले. व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही, हे बरोबर. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी होणारा वापर व्यापारी प्रयोजन ठरत नाही, असा युक्तिवाद करता येतो. घरी शिकवणी घेणारी शिक्षिका, घरून शिवणकामाच्या मागण्या घेणारी गृहिणी, एकटाच काम करणारा लेखापाल यांना म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

तक्रार पूर्वी कंपनीचे कार्यालय जेथे असेल किंवा वादाचे कारण जेथे घडले असेल तेथे न्यावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात ती करता येते. डोंबिवलीकराला ठाणे पुरे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. दोष घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदतवाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे, पण तारखांचा अनुभव पाहता त्यावर फार विसंबू नये. बहुतेक कंपन्या नोटीस हाती पडताच तडजोडीची भाषा करतात, हाच या पायरीचा व्यवहारातील खरा उपयोग. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते कागदपत्रांची मांडणी समजावून सांगतात.

आणखी एक खबरदारी. दरमहा पैसे नेणारा केबलवाला आणि परवानाधारक कंपनी हे सहसा निरनिराळे असतात. भांडण केबलवाल्याशी होते, पण सेवेची जबाबदारी परवानाधारकाची. म्हणून पैसे देताना परवानाधारकाच्या नावाचे बिल मागून घ्यावे. कच्च्या पावतीवर किंवा केबलवाल्याच्या खासगी खात्यात पैसे देणाऱ्या ग्राहकाकडे आयोगात दाखवायला काहीच नसते. तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ आयोगासमोरच होतो.

बाईंनी ११ ऑगस्टला अपील केले. मध्ये गणपती आले, कंपनीकडून दोनदा ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे छापील उत्तर आले. ३२ व्या दिवशी, १२ सप्टेंबरला निर्णय हाती पडला. परिसरातील मूळ जोडणीची क्षमता सायंकाळच्या वेळी अपुरी पडत असल्याचे कंपनीने त्यात लेखी मान्य केले, क्षमता वाढवण्याचे आश्वासन दिले आणि योजनेची मुदत ३० दिवसांनी वाढवून दिली. दिवसाला साडेसत्तावीस रुपयांच्या हिशेबाने ही भरपाई ८२५ रुपयांची झाली. सप्टेंबर संपता संपता सायंकाळचा वेग ८० च्या वर स्थिरावला. त्याचा लाभ इमारतीतील तक्रार न केलेल्या अन्य घरांनाही झाला, हे वेगळे सांगायला नको.

गेलेल्या मुलांच्या शुल्काबद्दल कंपनीने चकार शब्द काढलेला नाही. त्यासाठी ठाण्याच्या आयोगात जावे की नाही, हे बाईंनी अद्याप ठरवलेले नाही. पालकांनी शिकवणी सोडताना पाठवलेले संदेश, शुल्काची नोंदवही आणि कंपनीचे ते कबुलीचे पत्र त्यांनी एका फाइलमध्ये लावून ठेवले आहे. मुदत जुलै २०२७ पर्यंत आहे. तिघांपैकी कराडचा मुलगा दिवाळीनंतर परत आला.